आर्केडचं पॅनेल उघडायला सोपं हवं

आर्केड गेमसाठी घरी बनवलेल्या, जॉयस्टिक आणि बटणं बसवलेल्या पॅनेलची खरी परीक्षा एखादं बटण अडकल्यावर होते. 18 मिमी प्लायचं झाकण लाकडी स्क्रूने आवळलेलं असेल, तर चार-पाच वेळा खोलल्यावर भोकं सैल होतात. म्हणून मागच्या कडेला लांब पियानो बिजागरी, पुढे दोन एम 4 बोल्ट आणि प्लायला आतून टी-नट, म्हणजे लाकडात रुतून बसणारे दातेरी नट. झाकण गाडीच्या बोनेटसारखं वर उचलायचं, आत एक टेकू.

वायरी स्विचला डाग देऊन जोडू नका. स्विचच्या पातीवर सरकवून बसणारे स्पेड कनेक्टर वायरीला क्रिम्प करा, म्हणजे पकडीने दाबून बसवा. पण आधी पातीची रुंदी मोजा, बटणाखालच्या काही मायक्रोस्विचची 4.8 मिमी असते, काहींची 2.8. मोठा कनेक्टर लहान पातीवर बसल्यासारखा वाटतो आणि खेळताना निसटतो. बिजागरीजवळ वायरीला वीतभर सैल वळसा ठेवा, नाहीतर झाकण उचललं की एन्कोडरचे, म्हणजे बटणांचे इशारे कॉम्प्युटरला पोचवणाऱ्या सर्किट बोर्डाचे, प्लग उपटतात. दोन्ही टोकांना एकच नंबर लिहा.

ग्राउंडची वायर बटणामागून बटण अशी माळेत जाते. एका जागेपासून पुढची सगळी बटणं मेली, तर स्विच बदलत बसू नका. शेवटचं चालू आणि पहिलं बंद, या दोघांमधलंच क्रिम्प तपासा. माळेचं दुसरं टोकही एन्कोडरच्या ग्राउंडला जोडलं, तर एक सांधा तुटल्याने काही बंद पडत नाही.

एन्कोडर ग्लू गनने चिकटवणं तर नकोच. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 44-45वर जातो, बंद पेटीत त्याहून जास्त. गोंद मऊ पडतो. प्लास्टिकच्या स्टँडऑफवर, म्हणजे छोट्या खुंट्यांवर, स्क्रूने बसवा. धुळीसाठी जॉयस्टिकच्या दांड्यावरची चकती काढून ठेवू नका, आणि गोल सांध्याला सिलिकॉन ग्रीस किंचितच.