तुम्ही विचारलंत म्हणून: परत दिलं तर सांभाळणार कोण?

डेन्व्हरला आमच्याकडे येणारे पाहुणे म्युझियम बघून आले की जेवताना एक प्रश्न हमखास निघतो. "इथल्या अमेरिकन आदिवासींच्या वस्तू म्युझियमं त्यांना परत देतायत ते ठीक आहे हो, पण ते सांभाळणार का? उघड्यावर ठेवतात म्हणे, कुजू देतात!" विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पोळी वाढता वाढता अर्धवट उत्तर देण्यापेक्षा एकदा नीट लिहून टाकतो.

तर तुम्ही ऐकलंय ते खरं आहे. कुजूच देतात.

न्यू मेक्सिकोमधल्या झुनी लोकांचे आहायुदा नावाचे जुळे युद्धदेव आहेत. दरवर्षी हिवाळ्यात, वर्षातला सगळ्यांत लहान दिवस येतो त्या सुमारास, त्यांच्या लाकडी मूर्ती घडवतात. थोरल्याची मूर्ती हरीण कुळाकडे, धाकट्याची अस्वल कुळाकडे. गावाभोवतीच्या डोंगरमाथ्यांवर देवांची ठाणी आहेत, तिथे त्या बसवतात. नवी मूर्ती आली की जुनी शेजारच्या ढिगावर जाते आणि ऊन-पाऊस-बर्फ खात मातीला मिळते. इथवर सांगितलं की आपला माणूस लगेच म्हणतो, "म्हणजे आपल्या विसर्जनासारखंच की!" नाही. आपल्याकडे उत्तरपूजा होते, देव आधी निरोप घेतो आणि मग पाण्यात जाते ती नुसती मूर्ती. आहायुदा ढिगावर गेला तरी कामावरच असतो. झिजत असतानाही तो झुनींचं रक्षण करतो, आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे साऱ्या जगाचंही. त्याला ठाण्यावरून उचललं तर त्या शक्तीला आवर राहत नाही. युद्धं, भूकंप, वादळं यांचा संबंध झुनींचे धर्मप्रमुख याच्याशी लावतात. तुमचा त्यावर विश्वास बसायलाच हवा असं नाही, माझाही बसतो असं म्हणत नाही. पण त्यांच्या बाजूने पाहिलं तर काचेच्या कपाटात तापमान सांभाळून ठेवलेला आहायुदा म्हणजे काम अडवून ठेवलेला देव.

हे देव बाहेर गेले कसे? 1879 साली स्मिथसोनियन या अमेरिकेच्या राष्ट्रीय म्युझियम-संस्थेच्या मोहिमेबरोबर फ्रँक हॅमिल्टन कुशिंग नावाचा अभ्यासक झुनी गावात आला आणि काही वर्षं तिथेच राहिला. त्या काळापासून अभ्यासक, संग्राहक, व्यापारी यांची रीघच लागली. ठाणी निर्जन डोंगरांवर, त्यामुळे उचलून न्यायला अडचण कसली?

1978 मध्ये न्यूयॉर्कला एक आहायुदा लिलावात येतोय हे कळलं आणि झुनी पुढाऱ्यांनी पाठपुरावा सुरू केला. त्यांचा मुद्दा मला वकिलीच्या दृष्टीनेही पक्का वाटतो. ठाण्यावरची मूर्ती साऱ्या झुनींची असते. ती विकायचा किंवा भेट द्यायचा अधिकार कुणा एकाला नाही, अगदी घडवणाऱ्यालाही नाही. म्हणजे बाहेर दिसणारी प्रत्येक मूर्ती चोरीचीच. "आमच्याकडे खरेदीची पावती आहे" याला मग काही अर्थच उरत नाही. आमच्या डेन्व्हर आर्ट म्युझियमने 1980 मध्ये मूर्ती परत केल्या. स्मिथसोनियनला मात्र 1987 उजाडलं. आणि हे सगळं 1990 चा तो प्रसिद्ध कायदा येण्याआधीचं, ज्याला सगळे 'नॅगप्रा' म्हणतात. त्या कायद्याने सरकारी खाती आणि सरकारी पैसा घेणारी म्युझियमं यांना आपल्याकडच्या अस्थी आणि पवित्र वस्तूंची यादी करून त्या त्या जमातीशी बोलणं भाग पडलं. खासगी संग्राहक आणि परदेशी म्युझियमं त्यातून सुटली.

आता सांभाळण्याचं. परत आलेल्या देवांसाठी झुनींनी बंदोबस्तात ठाणं बांधलं, पण वर आभाळ उघडं ठेवलं. चोर येऊ नये, पाऊस यावा.

उलट म्युझियमांनी काय केलं तेही बघा. किडीपासून वाचवायला जुन्या काळी अशा वस्तूंवर सर्रास आर्सेनिक वापरलं जाई. अॅरिझोनातल्या होपी लोकांना परत मिळालेल्या पवित्र वस्तूंमध्ये ते सापडलं. ज्या वस्तू विधीत अंगावर घ्यायच्या, त्यांच्यात विष! म्युझियमने कीटकनाशकाची माहिती दिलीच पाहिजे असं नियमातच लिहावं लागलं. तेव्हा "ते सांभाळणार का" हा प्रश्न एकाच बाजूला का विचारायचा?

अस्थींच्या बाबतीत तर याच झुनींनी 1980 च्या दशकाअखेरीस वेगळं ठरवलं होतं. उकरून नेलेल्या पूर्वजांची विटंबना होऊन गेली, ती धुऊन काढायचा विधी आमच्याकडे नाही, तेव्हा म्युझियमांनीच त्यांना मानाने ठेवावं. देव द्या, अस्थी राहू द्या. पाहुण्यांना ही विसंगती वाटते. मला नाही वाटत. आपल्या पितरांचं काय करायचं हे घरच्यांनीच ठरवायचं, आणि घरच्यांचं मत बदलूही शकतं. ते बदललंही. इथे कोलोरॅडोतच मेसा व्हर्डे आहे, झुनींसारख्या लोकांच्या पूर्वजांनी कड्यांत बांधलेली जुनी वस्ती; तुमच्या सहलीच्या यादीत ते असतंच. 1891 मध्ये गुस्ताफ नॉर्डेनशेल्ड या तरुण स्वीडिश संशोधकाने तिथून खणून नेलेले सुमारे 20 जणांचे अवशेष पुढे फिनलंडच्या राष्ट्रीय म्युझियममध्ये पोचले होते. 2020 च्या सप्टेंबरात ते परत आले आणि होपी, झुनी, अकोमा, झिया अशा चार जमातींनी मिळून ते त्याच मातीत पुरले. फिनलंडवर अमेरिकेच्या कायद्याची सक्ती नव्हती. तरी त्यांनी दिले.