कार्ब्युरेटर गेला, वर्कशॉप चालू राहिले : आमची वाटचाल

पुण्याजवळ भोसरी एमआयडीसीत आमचे छोटे वर्कशॉप आहे. वडिलांनी ते जुन्या ट्रॉब मशीनवर सुरू केले आणि वर्षानुवर्षे एकाच कामावर चालवले : दुचाकीच्या कार्ब्युरेटरला लागणारे पितळी जेट. जेट म्हणजे बोटाच्या पेरापेक्षाही लहान वस्तू. पण इंजिनात पेट्रोल किती जायचे ते त्याच्या भोकावर ठरते, आणि तिथे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचाही हिशेब असतो. या कामात आमच्या माणसांचा हात बसलेला होता. शेड्यूल, म्हणजे गिऱ्हाइकाची ठरलेली मागणी, वर्षभर भरलेले असायचे.

जानेवारी २०१६ मध्ये सरकारने जाहीर केले की गाड्यांच्या धुराच्या नियमांत भारत स्टेज चारनंतर पाच गाळून थेट सहा लागू होणार, १ एप्रिल २०२० पासून. दुचाकीत कार्ब्युरेटरची जागा फ्युएल इंजेक्शन घेणार, हे आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला तेव्हाच समजले. आमच्या मुख्य मालाची शेवटची तारीखच जणू चार वर्षे आधी छापून आली.

आजूबाजूला सगळे विचारत होते, आता नवा जॉब, म्हणजे बनवायला नवा माल, कुठला धरायचा? वडिलांनी मला वेगळेच विचारले. “जॉब मिळेल रे. पण तो मशीनवर चढवायला आपल्याला किती वेळ लागतो, ते आधी बघ.” पुढचे सगळे या एका प्रश्नातून घडले, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

ट्रॉब हे कॅमवर चालणारे ऑटोमॅटिक लेथ. कॅम म्हणजे टूलला पुढे-मागे ढकलणारी आकार दिलेली चकती. प्रत्येक जॉबचा कॅमचा संच वेगळा. जॉब बदलायचा तर जुने कॅम उतरवा, नवे चढवा, गिअर बदला, रॉड पकडणारे कॉलेट बदला, टूल उंचीला लावा, मग एकेक पीस काढून मापात आणा. अख्खी शिफ्ट त्यात जायची. मग साहजिकच एकदा लावलेला जॉब कोणी लवकर उतरवत नाही. हजारोंच्या लॉटने माल काढायचा आणि ठेवून द्यायचा. एकच गिऱ्हाईक आणि एकच माल असेल तेव्हा हे फायद्याचे. पण उद्या पाच गिऱ्हाइकांचे पाचशे-पाचशे नगांचे काम आले तर तेच मशीन कमावण्यापेक्षा सेटिंगमध्येच जास्त दिवस घालवणार.

टोयोटासाठी काम करणाऱ्या शिगेओ शिंगो यांनी याच प्रश्नावर आयुष्य घालवले. त्यांची मूळ कल्पना साधी आहे : मशीन बंद असतानाच करावे लागणारे काम वेगळे आणि मशीन चालू असताना आधी उरकता येणारे काम वेगळे. आम्ही एका सेटिंगचा मोबाइलवर व्हिडिओ काढला आणि सेटर (मशीनवर जॉब लावून देणारा), ऑपरेटर, हेल्पर सगळ्यांनी बसून पाहिला. निम्म्याहून जास्त वेळ शोधण्यात जात होता. पाना, कॉलेट, गेज, ड्रॉइंगची ताजी प्रत, चांगला इन्सर्ट (टूलचे बदलता येणारे पाते). मशीन उभे आणि माणूस कपाटापाशी.

तेव्हापासून प्रत्येक जॉबचा एक ट्रे आहे. त्यात कॉलेट, जॉब पकडायचे सॉफ्ट जॉ, इन्सर्ट, भोक तपासायचे प्लग गेज, लागणारी ॲलन की आणि पास झालेला एक नमुना पीस. चालू जॉब संपायच्या तासभर आधी पुढचा ट्रे मशीनपाशी आलेला असतो. ट्रेमधली वस्तू ट्रेमध्येच परत जाते. उसनी घ्यायची नाही, हा नियम मालकालाही लागू. कर्ज काढून दोन सीएनसी टर्निंग सेंटर (संगणकाच्या प्रोग्रामवर चालणारे लेथ) आणि पुढे बारीक, लांब भागांसाठी एक स्लायडिंग हेड लेथ घेतले, पण ट्रेची शिस्त त्याच्या आधीची. आज ओळखीचा जॉब बदलायला सीएनसीवर पाऊण तास पुरतो. नुसती नवी मशीन घेऊन हे झाले नसते, असे मी ठामपणे सांगतो.

माणसांच्या बाबतीत आम्ही भिंतीवर एक तक्ता लावला. कोण कुठले मशीन नुसते चालवतो, कोण सेटिंग करतो, कोण दुसऱ्याला शिकवू शकतो. एक मशीन जास्त शिकले की पगारात वाढ, मग वर्ष संपायची वाट नाही. आयटीआय करून आलेली मुले प्रोग्राम लिहायला लागली आणि ट्रॉबवर केस पांढरे केलेल्या आमच्या सेटर काकांनी त्यांना धातू कसा कापला जातो ते शिकवले. पितळेचा आवाज बदलला की टूलची धार गेली, हे ते पाठमोरे उभे राहूनही सांगतात. मुख्य म्हणजे, पुढचा जॉब कुठला लावायचा हे रोज सकाळी सेटर आणि तपासणीच्या टेबलावरच्या ताई डिस्पॅचचा बोर्ड बघून ठरवतात. मला विचारायला थांबत नाहीत. गिऱ्हाइकाचा फोन येतो तेव्हा मी बऱ्याचदा बँकेत किंवा चाकणच्या ट्रॅफिकमध्ये असतो, आणि काम माझ्यासाठी अडून राहणे छोट्या कंपनीला परवडत नाही.

१ एप्रिल २०२० उजाडली तेव्हा लॉकडाऊनमुळे शटरच बंद होते. उघडल्यावर जेटचे शेड्यूल अपेक्षेप्रमाणे जवळपास संपले होते. त्याच भारत स्टेज सहामुळे सायलेन्सरवर ऑक्सिजन सेन्सर आला होता आणि तो बसवायचे आट्याचे बॉस (आतून आटे असलेल्या कड्या) आम्ही आधीपासून सँपलला दिले होते, ते सुरू झाले. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजन फ्लोमीटरच्या पितळी फिटिंगची विचारणा आली. ड्रॉइंग दुपारी आले, रात्रपाळीत पहिले पीस निघाले, सकाळी माल गेला. त्या आठवड्यात गुरुवारची साप्ताहिक सुट्टी कोणी मागितली नाही. आमच्या सगळ्या कामात मला त्या लॉटचा सर्वांत जास्त अभिमान आहे.

लगेच पुढच्या महिन्यात लंडनच्या बाजारात तांबे टनाला १०,००० डॉलरच्या वर गेले आणि पितळेचा रॉड महागला. आमच्या कोटेशनमध्ये धातू वेगळा आणि मजुरी वेगळी लिहिलेली असते. धातूचा दर महिन्याच्या महिन्याला बदलतो, कापताना पडलेला चुरा रॉडवाल्याकडे परत जातो, फरकाचे पैसे भरायचे. त्यामुळे त्या भाववाढीत भांडण न होता काम चालू राहिले. विजेच्या दुचाक्यांची टर्मिनल, म्हणजे वायर जोडायचे पितळी भाग, तीही आम्ही करतो. १ जून २०२३ पासून विजेच्या गाड्यांसाठीच्या केंद्राच्या फेम-२ योजनेची सबसिडी बॅटरीच्या किलोवॅट-तासाला १५,००० वरून १०,००० रुपयांवर आणि कमाल मर्यादा किमतीच्या ४० वरून १५ टक्क्यांवर आली, तेव्हा ते शेड्यूल एकदम खाली आले. ती मशीन त्याच आठवड्यात न्यूमॅटिक (हवेच्या दाबाच्या नळ्यांच्या) फिटिंगवर गेली. कुठल्याही एका गिऱ्हाइकाचे काम एक तृतीयांशाच्या वर जाऊ द्यायचे नाही, हे आम्ही पाळतो. मोठी ऑर्डर समोर असताना ते फार जड जाते, तरी पाळतो.

पैसा वेळेवर आला नाही तर बाकी सगळे व्यर्थ. आयकराच्या नियमामुळे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे बिल लेखी करारात ठरलेल्या मुदतीत, म्हणजे जास्तीत जास्त ४५ दिवसांत, दिले नाही तर खरेदीदाराला ते पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत खर्चात धरता येत नाहीत. आम्ही बिलावर उद्यम नंबर (लघु उद्योगाच्या सरकारी नोंदणीचा क्रमांक) ठळक छापतो आणि चाळिसाव्या दिवशी नम्रपणे फोन करतो. आलेल्या पैशातून दोन महिन्यांचे पगार बाजूला ठेवायचे, मगच नवे मशीन.

जेटचे काम आजही थोडे आहे. जुन्या गाड्या रस्त्यावर आहेत, गॅरेजवाल्यांना वेगवेगळ्या मापांचे सुटे जेट लागतात, शंभर-दोनशेच्या लॉटमध्ये. असे काम घ्यायला फारसे कोणी राजी नसते. आम्हाला ते परवडते.

भोसरीत किंवा बाहेर कुणाला सेटिंगचा वेळ कमी करायचा असेल तर गुरुवार सोडून कधीही या. ट्रे, तक्ता, कोटेशनचा नमुना, सगळे दाखवू. तुमच्या एखाद्या जॉबचा सेटिंगचा व्हिडिओ घेऊन आलात तर सेटर काकांना सोबत बसवून पाहू.