क्वीन्समधला लकी लुसियानो

भारतातून पाहुणे आले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी प्रश्न येतोच, "इथे माफिया अजून आहे का हो?" सिनेमांची कृपा! जिवंत किती उरलेत ते पोलिसांना ठाऊक. मेलेले मात्र मी दाखवू शकतो. न्यूयॉर्क शहरातल्या आमच्या क्वीन्स भागात सेंट जॉन दफनभूमी आहे, तिथे लकी लुसियानो, व्हिटो जेनोवेसी, कार्लो गँबिनो, जॉन गॉटी अशी सगळी बडी मंडळी एकाच कुंपणात आहेत.

लुसियानोच्या दगडी कबरघरावर आडनाव कोरलंय ते लुकानिया. साल्वातोरे लुकानिया, जन्म 1897, सिसिलीतलं लेर्कारा फ्रिद्दी हे गाव. मुलूख गंधकाच्या खाणींचा, बापही त्यातच राबलेला. मुलगा नऊ-दहा वर्षांचा असताना कुटुंब मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइडला आलं. शाळा लवकरच सुटली, मग टोप्यांच्या धंद्यात किरकोळ नोकरी, जुगार, आणि 1920 साली अमेरिकेने दारूबंदी करून असल्या पोरांचं भाग्यच उजळलं. 1931 मध्ये मासेरिया आणि मारान्झानो हे दोन म्होरके पाच महिन्यांच्या आत मारले गेले. दोन्हींमागे हात याचाच, असं मानतात. मग न्यूयॉर्कच्या पाच टोळ्या तशाच ठेवून भांडणं मिटवायला याने वर 'कमिशन', म्हणजे म्होरक्यांचं मंडळ, बसवलं. राहायला वॉल्डॉर्फ ॲस्टोरिया हे आलिशान हॉटेल, तेही खोट्या नावाने.

हा थाट टिकला जेमतेम पाच वर्षं. 1936 मध्ये सरकारी वकील टॉमस ड्युईने त्याला वेश्याव्यवसायाच्या खटल्यात 30 ते 50 वर्षांसाठी आत घातलं. महायुद्धात न्यूयॉर्कच्या गोदीवर नौदलाला त्याच्या माणसांची गरज पडली आणि 1946 मध्ये, आता गव्हर्नर झालेल्या त्याच ड्युईने शिक्षा कमी केली! अट एकच, देश सोडायचा. इतकी वर्षं राहून, एवढा पैसा करून या माणसाने नागरिकत्व मात्र घेतलेलं नव्हतं. आम्हा ग्रीन कार्डवाल्यांच्या पोटात गोळा येतो तो इथे.

त्याच वर्षी तो इटलीतून गुपचूप क्यूबात पोचला. अमेरिकेने दबाव आणून तिथूनही हुसकावलं. 1962 मध्ये नेपल्सच्या विमानतळावर हृदयविकाराने गेला. मेल्यावर मात्र त्याला परत येऊ दिलं.

आमच्या शेजारच्या सत्तरीतल्या इटालियन काकांना हे कौतुक अजिबात खपत नाही. त्यांचे आजोबा इथल्या भुयारी रेल्वेसाठी खोदकाम करायचे. "तिथे मारिओ क्युओमोही आहे, त्याची कबर का नाही विचारत कुणी?" असं एकदा त्यांनी मला चांगलंच सुनावलं. बरोबरच आहे. क्युओमोचे आईवडील इटलीहून आलेले, क्वीन्समधल्याच साउथ जमैका वस्तीत त्यांचं किराणा दुकान; त्या दुकानदाराचा मुलगा 1983 ते 1994 अशी सलग बारा वर्षं न्यूयॉर्कचा गव्हर्नर होता. डिसेंबरात मावशी येतेय, तिला आधी तिकडेच नेईन म्हणतो. ती ऐकेल असं वाटत नाही. गॉटी कुठे आहे, हे तिने फोनवर आत्ताच विचारून ठेवलंय.