तक्रारपेटीतून निघालेल्या सायकली

यवतमाळ जिल्ह्यातील एका गावात, मुलींच्या माध्यमिक शाळेत मी मराठी शिकवते. १० मार्च २०२२ च्या शासन निर्णयानंतर शाळाशाळांत विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समित्या स्थापन झाल्या, तशी ती आमच्याकडेही झाली, आणि शाळेतील तक्रारपेटी या समितीसमोरच उघडायची, असा पायंडा आम्ही पाडला. पेटी अत्यंत गंभीर कारणासाठी आहे आणि कुलूप निघताना दर वेळी माझ्या पोटात गोळा येतो, हे आधीच सांगते. पुढील हकिकत वाचून कोणाचा निराळा समज होऊ नये.

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी, सकाळच्या शाळेचा शेवटचा तास चालू असताना समिती बसली. कापूस वेचणीचे दिवस असल्यामुळे पालक प्रतिनिधी असलेल्या बाई येऊ शकल्या नाहीत. अंगणवाडीताई आणि पोलीस पाटील मात्र वेळेवर हजर होते. पहिली चिठ्ठी खिचडीतील टणक वाटाण्याविषयी होती, दुसरी तास संपल्याची घंटा ऐकू न येणाऱ्या गणिताच्या सरांविषयी. तिसरी तक्रार खुद्द पेटीविरुद्ध होती. पेटी मुख्याध्यापकांच्या खिडकीसमोर टांगलेली असल्याने चिठ्ठी कोण टाकते हे सरांना बसल्या जागी दिसते, सबब ती पाण्याच्या टाकीमागे हलवावी, असे तीत म्हटले होते. मागणी इतकी बिनतोड होती की सरांनी शिपाईकाकांना तिथल्या तिथे खिळे उपटायला लावले. चौथ्या चिठ्ठीत लिहिले होते, ‘स्वच्छतागृहाच्या दुसऱ्या दाराची कडी तुटली आहे. त्यामुळे मैत्रिणीला बाहेरून दार धरायला न्यावे लागते आणि ती मुद्दाम हसवते.’ पाटलांना हसू आवरेना. अंगणवाडीताई मात्र हसल्या नाहीत. कडी आजच्या आज बसली पाहिजे, हे त्यांनी इतिवृत्तात लिहून घेतले, आणि ते योग्यच होते.

पाचवी चिठ्ठी म्हणजे नववीतील एका मुलीचा पानभर अर्ज होता. मी शिकवलेल्या नमुन्याप्रमाणे प्रति, विषय, महोदय असे सगळे जागच्या जागी होते. विषय होता ‘सायकल बदलल्याबाबत’ आणि मजकूर असा : ‘मी जी सायकल चालवते ती माझी नाही, असे मला पोळ्यापासून वाटत आहे.’

मानव विकास कार्यक्रमातून शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी ५,००० रुपये मिळतात. रक्कम खात्यात जमा होते आणि खरेदीची पावती शाळेत द्यावी लागते. सायकल कोणत्या दुकानातून घ्यावी याचे बंधन नसले, तरी आमच्याकडचे झाडून सारे वडील बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या एकाच दुकानात जातात आणि जांभळ्या रंगाची, पुढे पांढरी टोपली असलेली तीच सायकल घेऊन येतात. अशा सायकली कडुनिंबाखाली रांगेने लागल्या की देवालाही ओळखू येऊ नयेत. मुली खुणेसाठी मुठीला रिबिनी बांधतात, परंतु पावसाळ्यात त्या रिबिनीही एकाच मळकट रंगाच्या होऊन जातात.

पावतीवर सायकलीचा क्रमांक असतो आणि तोच पायडलाजवळ सांगाड्याच्या खालच्या अंगाला कोरलेला असतो, हे पाटलांना ठाऊक होते. मग काय, संशयित सायकली मैदानात उलट्या ठेवण्यात आल्या. पाटील चश्मा कपाळावर चढवून आकडे वाचू लागले, अंगणवाडीताई फडक्याने काळ्या मातीचा थर खरवडू लागल्या आणि मी पावत्यांची फाईल घेऊन उभी राहिले. वर्गांच्या खिडक्यांत एव्हाना सारी शाळा गोळा झाली होती. निष्पन्न असे झाले की अर्जदार मुलीकडे तिच्या मैत्रिणीची सायकल होती, मैत्रिणीकडे दहावीतल्या एका मुलीची आणि दहावीतलीकडे अर्जदाराची. तिघी एकाच पांधणीने रोज सोबत येत-जात होत्या.

खरा तंटा पुढे सुरू झाला, कारण अदलाबदलीच्या काळात प्रत्येकीने परक्या सायकलीवर आपल्या घरचा पैसा ओतला होता. एकीने नवी घंटी बसवली होती, दुसरीने सीटवर कव्हर चढवले होते, तर तिसरीच्या भावाने मागची ट्यूब बदलली होती.

“मॅडम, घंटी माह्या बाबानं बसवली. मी पयले थे काहाडून घेतो, मंग सायकल देतो,” अर्जदार म्हणाली.

“आन् ट्यूब काय फुकटात आली काय वो?” दहावीतली कमरेवर हात ठेवून म्हणाली.

घंटी आणि कव्हर ज्यांचे त्यांना मिळाले. ट्यूब काढणे कोणाच्याच हिताचे नव्हते. तिच्या बदल्यात अर्जदाराने दोन आठवडे दहावीतलीचे दप्तर आपल्या टोपलीतून न्यावे, असा तोडगा मुलींनीच काढला आणि समितीने तो मुकाट्याने मान्य केला.

पुन्हा घोळ नको म्हणून पाटलांनी पोळ्याला बैलांची शिंगे रंगवून उरलेला ऑइलपेंट घरून मागवला आणि मडगार्डवर नावे घालायला बसले. अर्जदार मुलीने त्यांचा हात धरला. आपण दहावी झालो की ही सायकल धाकट्या बहिणीकडे जाणार, तेव्हा नुसते आडनाव लिहावे, असे तिचे म्हणणे पडले. पाटलांनी लाल अक्षरांत आडनाव रेखले, कुंचला पुसला आणि दुसऱ्या सायकलीकडे वळले. मैत्रिणीचे आडनावही तेच होते, आणि तिलाही एक धाकटी बहीण होती.