32 बाइटांत न मावलेले नाव

सिद्धेश्वर यात्रेच्या छायाचित्रांची हार्ड डिस्क माझ्याकडे आली तेव्हा काम अगदी साधे सांगितले गेले होते. सहाशेच्या आसपास फोटो आहेत, त्यांतून स्मरणिकेसाठी निवड करायची. फोटोओळी आणि छायाचित्रकारांची नावे फोटोंच्या आतच लिहून ठेवलेली आहेत, ती बाहेर काढून मांडणी करणाऱ्याला द्यायची. सोलापुरात मी हेच काम करतो. लोकांना वाटते की मी फोटो उजळ करून देतो. प्रत्यक्षात माझा निम्मा वेळ फोटोच्या पोटातला मजकूर, म्हणजे मेटाडेटा, तपासण्यात जातो. फोटो कोणी काढला, केव्हा, कुठे आणि तो वापरायचा हक्क कोणाचा, एवढेच त्यात असते. पण तेवढे गेले तर उरलेला फोटो भिंतीवर लावण्यापलीकडे कशाच्याही उपयोगाचा राहत नाही.

पहिल्याच फाइलमध्ये फोटोओळीच्या जागी भलतेच काही होते. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन लिपीतला लहान ‘ए’, त्यामागे चलनाचे गोल चिन्ह, मग एखादे फुटकळ चिन्ह आणि पुन्हा तोच ‘ए’, अशा ओळीच्या ओळी भरल्या होत्या. या धंद्यातल्या मराठी माणसाला हा ‘ए’ चांगला ओळखीचा असतो. संगणकात अक्षरे साठवण्याच्या यूटीएफ-8 पद्धतीत देवनागरीतले प्रत्येक चिन्ह तीन बाइट, म्हणजे साठवणुकीची तीन एकके, घेते आणि त्यांतला पहिला बाइट सगळ्यांचा सारखाच असतो. तेच बाइट एखाद्या प्रोग्रामने विंडोजच्या जुन्या पाश्चात्त्य संकेतसंचाने, म्हणजे 1252ने, वाचले की तो ‘ए’ उमटतो. त्यापुढे चलनाचे गोल चिन्ह आले तर मूळ चिन्ह एखादे अक्षर, अनुस्वार, काना किंवा पहिली वेलांटी असते. येनचे चिन्ह आले तर दुसरी वेलांटी, उकार, मात्रा, हलन्त किंवा मराठी आकडा. दुसरी वेलांटी तर येन आणि युरो अशी दोन परदेशी नाणी सोबत घेऊनच येते. हे मला कोणी शिकवलेले नाही. मराठी फोटोओळी इतक्यांदा अशा अवस्थेत हाती आल्या आहेत की पाहून पाहून ते पाठ झाले.

असा मजकूर उलटा फिरवून पुन्हा मराठीत आणता येतो, आणि म्हणून मी सुरुवातीला फारसा घाबरलो नव्हतो. परंतु 1252 या संचात पाच जागा रिकाम्या आहेत आणि आपले दुर्दैव असे की हलन्ताचा शेवटचा बाइट त्यांतल्या एका जागेवर पडतो, तर पहिल्या उकाराचा दुसऱ्या जागेवर. या फाइलींमध्ये त्या दोन्ही ठिकाणी प्रश्नचिन्ह बसले होते. त्यामुळे ‘सिद्धेश्वर’ परत मिळवताना तो ‘सिद्धेश्वर’ की ‘सिदुधेशुवर’ हे यंत्राला सांगता येत नव्हते; माणसाने वाचून ठरवायचे होते. देवळाचे नाव, संमती कट्टा आणि होम मैदान या यात्रेतल्या जागा, मिरवणुकीतल्या उंच काठ्या म्हणजे नंदीध्वज, हे सारे मी सहज लावले. मानकऱ्यांच्या आणि स्वयंसेवकांच्या नावांना मात्र अर्थाचा आधार नसतो, ती फोन करून विचारावी लागली. ज्यांना फोन केले त्यांतल्या बहुतेकांचा पहिला प्रश्न हाच होता, की फोटो दिसतो आहे ना, मग अडले कुठे?

झाले होते ते असे. यात्रेचे फोटो दोन चुलत भावांनी सेवा म्हणून, एक पैसाही न घेता, काढले होते. स्मरणिका काढणाऱ्या संस्थेतल्या एका उत्साही तरुणाने दोघांची कार्डे संगणकावर उतरवली, रॉ, म्हणजे कॅमेऱ्यातल्या मूळ कच्च्या, फाइली संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतल्या, प्रत्येकावर मराठीत फोटोओळ आणि नाव नीट लिहिले, सगळे जेपेगमध्ये एक्सपोर्ट केले, मग संस्थेच्या जुन्या कॅटलॉग प्रोग्राममध्ये चढवले आणि जागा अडते म्हणून रॉ फाइली पुसून टाकल्या. मंडपावर आणि ध्वनिक्षेपकांवर सढळ हाताने खर्च करणाऱ्या संस्थांना एका हार्ड डिस्कचे पैसे का जड वाटतात, हे मला आजवर कळलेले नाही. भावांची कार्डे तोवर फॉरमॅट झाली होती, कारण संक्रांत सरली की लगेच लगीनसराई असते.

त्या तरुणाला मी दोष देत नाही. त्याने लिहिलेले सगळे बरोबर होते आणि एक्सपोर्ट करताना ‘सर्व मेटाडेटा’ हाच पर्याय त्याने निवडला होता. घोळ पुढचा आहे. एका जेपेग फाइलमध्ये तीच माहिती तीन ठिकाणी असू शकते: कॅमेरा उद्योगाने जपानमध्ये 1995 साली आणलेल्या एक्झिफमध्ये, वृत्तसंस्थांच्या देवाणघेवाणीसाठी 1990च्या दशकाच्या सुरुवातीला ठरलेल्या आयपीटीसीच्या रकान्यांत, आणि अडोबीने 2001 मध्ये आणलेल्या एक्सएमपीमध्ये. मराठी फक्त एक्सएमपीत निर्धास्तपणे राहते. आयपीटीसीच्या रकान्यांना बाइटांची मर्यादा आहे, आणि आतला मजकूर यूटीएफ-8 आहे हे सांगणारी खूण तिथे वेगळी लिहावी लागते. या सॉफ्टवेअरने ती लिहिलीच नव्हती. तरीही एक्सएमपीची प्रत शाबूत होती, तेवढ्याने भागले असते. परंतु आयपीटीसीच्या मजकुराचा एक ठसा, म्हणजे त्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा, फाइलमध्ये वेगळा ठेवलेला असतो. ठसा जुळला नाही तर मधल्या काळात कोणीतरी आयपीटीसीत दुरुस्ती केली आहे, असे पुढच्या प्रोग्रामने समजायचे आणि तीच प्रत खरी मानायची, असा संकेत आहे. एक्सपोर्टने मजकूर नव्याने लिहिला आणि ठसा मात्र जुनाच ठेवला. मग कॅटलॉग प्रोग्रामने, सही जुळत नाही म्हणून अस्सल दस्तच बाद करणाऱ्या कारकुनासारखे, मोडकी प्रत खरी धरली आणि चांगल्या एक्सएमपीवर तीच उतरवली. कुठेही धोक्याची सूचना आली नाही. उलट शेवटी ‘यशस्वी’ असा हिरवा शिक्का उमटला, असे त्या तरुणाने मला सांगितले.

फोटोओळी तरी वाचवता आल्या, कारण त्या रकान्याला 2000 बाइट मिळतात. छायाचित्रकाराच्या नावाला मिळतात 32. इंग्रजीत एवढ्यात नाव आणि आडनाव दोन्ही आरामात बसतात. मराठीत दहा चिन्हे बसतात आणि दोन बाइट उरतात. त्या तरुणाने नावे शाळेच्या हजेरीपटाप्रमाणे आडनावापासून लिहिली होती. दोघे चुलत भाऊ, म्हणजे आडनाव एकच, आणि ते आठ चिन्हांचे: 24 बाइट तिथेच संपले. एक बाइट मधल्या मोकळ्या जागेचा. उरलेल्या सातांत ‘श’ आणि त्याचा हलन्त, म्हणजे सहा. शेवटच्या एका बाइटात ‘र’चा पहिला तुकडा बसला आणि तिथे नाव तुटले. दोघांचीही नावे ‘श्री’ने सुरू होतात! सहाशे फोटोंवर एकच आडनाव आणि त्यापुढे अर्धा ‘श’, एवढाच पुरावा शिल्लक होता.

वेळांचीही तीच गत झाली होती. कॅमेरा जी वेळ लिहितो ती नुसती घड्याळातली वेळ असते. ती कुठल्या देशाची, हे लिहायला एक्झिफमध्ये 2016पर्यंत जागाच नव्हती. एक्सपोर्टने ती वेळ जागतिक प्रमाणवेळ असल्याचे गृहीत धरून एक्सएमपीत लिहिली आणि कॅटलॉगने तिच्यात भारताचे साडेपाच तास मिळवले. संध्याकाळी साडेसहानंतरचा प्रत्येक फोटो त्यामुळे दुसऱ्या तारखेत गेला. एरवी लग्नाच्या अल्बममध्ये हे खपून जाते, पण यात्रेत तारीख म्हणजेच विधी: एका दिवशी अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा, त्यानंतर होम मैदानावर होमविधी, मग शोभेचे दारूकाम. होमाच्या रात्रीचे फोटो दारूकामाच्या दिवसात जाऊन बसले होते. ते मला तारीख पाहण्याआधीच कळले, कारण होमाच्या दिवशी मानाच्या नंदीध्वजाला नागफणा, म्हणजे नागाच्या फणीच्या आकाराची सजावट, बांधलेला असतो आणि तो फोटोत स्पष्ट दिसत होता. साडेपाच तास वजा केल्यावर सगळे आपापल्या दिवशी परतले. इथवरचे काम मी समाधानाने केले, हे कबूल करायला हवे.

मग फोटो कोणाचा, हा प्रश्न घेतला. दोघांचे कॅमेरे एकाच मॉडेलचे आहेत, दोघांनी मिळूनच घेतले होते. कॅमेऱ्याचा अनुक्रमांक उत्पादकाच्या खाजगी कप्प्यात असतो आणि तो कप्पा हे सॉफ्टवेअर एक्सपोर्ट करताना टाकूनच देते. एक्झिफच्या 2010च्या 2.3 आवृत्तीपासून अनुक्रमांकासाठी स्वतंत्र रकाना आहे, पण तो भरण्याची सक्ती नाही, आणि इथे तो रिकामा होता. फाइलींची कॅमेऱ्याने दिलेली नावेही एक्सपोर्टमध्ये बदलून सलग क्रमांकाची झाली होती. शेवटी मी सेन्सरवरच्या धुळीकडे वळलो. सेन्सरवर बसलेला कण प्रत्येक फोटोत त्याच जागी फिकट काळा ठिपका उमटवतो, पण तो दिसण्यासाठी छिद्र लहान, म्हणजे एफ 11 किंवा त्याहून पुढचे, आणि मागे आकाशासारखी सपाट जागा लागते. दोघांकडून मी डिसेंबरमधल्या लग्नांचे दुपारचे फोटो मागवले. थोरल्याच्या कॅमेऱ्यात वरच्या डाव्या कोपऱ्याजवळ दोन ठिपके शेजारी शेजारी आहेत. धाकट्याच्या कॅमेऱ्यात उजवीकडे केसासारखा एक वाकडा तंतू आहे. त्या खुणांवरून उन्हातले फोटो, म्हणजे मिरवणुकीचे आणि अक्षता सोहळ्याचे, बहुतेक सगळे वेगळे काढता आले. यात्रेत घालतात त्या पांढऱ्या बाराबंदी अंगरख्यावरही तो तंतू एके ठिकाणी सापडला.

रात्रीच्या फोटोंना हा उपाय लागू पडत नाही. अंधारात छिद्र पूर्ण उघडे असते आणि धूळ विरून जाते. मुखपृष्ठासाठी सर्वांनी एकमुखाने निवडलेला फोटो रात्रीचाच होता: होमविधीत आख्यायिकेतल्या कुंभारकन्येच्या प्रतीकाला अग्नी दिल्यावर उठलेली ज्वाळा, आणि तिच्या उजेडात खालून वर पाहणारे चेहरे.

दोघांना मी दुकानात बोलावले. थोरल्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. त्यांनी पडद्यावर फोटो बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, “चौकट माझी वाटते. पण त्यानेही तिथूनच काढला असेल, मी मागे वळून कुठे पाहिले?” धाकटे लगेच म्हणाले, “अण्णांचाच आहे, घाला त्यांचे नाव. ज्वाळा एवढी उंच जाईपर्यंत थांबायचा धीर माझ्यात नाही.” त्यावर अण्णांनी, “तसे काही नाही, तू मागच्या वर्षी थांबला होतास,” असे म्हणून प्रकरण पुन्हा होते तिथे आणून ठेवले. संस्थेचे सेक्रेटरीही सोबत होते. त्यांना सारा प्रकार गमतीचा वाटला. “अहो, दोघे भांडत असते तर अडचण होती. इथे तर दोघेही सोडायला तयार आहेत!” माझी अडचण नेमकी तीच होती, आणि ती त्यांना समजावून सांगण्यात मला यश आले नाही.

दोघे गेल्यावर मी त्या फाइलचा उरलासुरला मजकूर तपासत बसलो, आणि आत एक जुना लघुफोटो सापडला. एक्झिफमध्ये 160 बाय 120 पिक्सेलचा एक छोटा फोटो झटपट दाखवण्यासाठी ठेवलेला असतो. फोटो कापल्यावर तो नवा बनवायला हवा. ज्या सॉफ्टवेअरने ठसा बदलला नव्हता, त्याने हाही बदलला नव्हता. म्हणून त्यात कापण्याआधीची पूर्ण चौकट होती. डावीकडच्या कापलेल्या पट्टीत, गर्दीच्या थोडे वर, कोपर बाहेर काढून हात चेहऱ्यापाशी धरलेला एक माणूस उभा आहे. कॅमेरा डोळ्याला लावलेला माणूस असाच दिसतो. तो या दोघांपैकी एक असेल, तर फोटो दुसऱ्याचा. पण सगळा माणूसच दहा-बारा पिक्सेलांचा आहे, आणि यात्रेत सगळेच पांढऱ्या कपड्यांत असतात. अण्णांना तो आपला भाऊ वाटतो. धाकट्यांना ते अण्णा वाटतात. मोठा करून पाहावा तर चौकोनांशिवाय काही उरत नाही, आणि पिक्सेल ‘सुधारून’ देणारी हल्लीची साधने जो चेहरा काढून दाखवतील तो त्यांच्या मनातला असेल. तो पुरावा म्हणून पुढे करायची माझी तयारी नाही.

स्मरणिका दोघांचीही नावे घालून छापली गेली. सेक्रेटरींच्या मते हा सर्वांना आवडेल असा तोडगा होता, आणि तो सर्वांना आवडलाही. मला तो पटलेला नाही. 1957च्या प्रताधिकार कायद्याप्रमाणे छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते काढणारी व्यक्ती; ज्याने केवळ शेजारी उभे राहून दुसरा फोटो काढला त्याला या फोटोचा अर्धा कर्ता म्हणता येत नाही. शिवाय हे मुखपृष्ठ चांगले छापले गेले आहे, ते उद्या कोणीतरी कॅलेंडरसाठी नाहीतर पुस्तकासाठी मागेल, तेव्हा परवानगीवर सही कोणाची घ्यायची? त्या तरुणाला मी यापुढे नाव आधी आणि आडनाव नंतर लिहायला सांगितले आहे, आणि एक्सपोर्ट झालेली फाइल, मेटाडेटा दाखवणाऱ्या एक्झिफटूल या प्रोग्रामने उघडून तपासल्याशिवाय रॉ पुसणार नाही, असे त्याच्याकडून कबूल करून घेतले आहे. त्याने ते लगेच मान्य केले. हार्ड डिस्कसाठी संस्थेकडे टाकलेला अर्ज मात्र अजून तसाच पडून आहे.

होमाच्या रात्री व्यासपीठावरून चित्रीकरण करणारा आणखी एक जण होता. मैदानात दोघे कुठे कुठे उभे होते ते त्याच्या चित्रीकरणात कदाचित दिसेल. फुटेज शोधून देतो असे तो म्हणाला आहे. त्याच्या कॅमेऱ्याचे घड्याळ बरोबर लावलेले होते का, हे मी त्याला आधीच विचारून ठेवले आहे.