दुष्काळी तालुक्यातली सहल

सातवीच्या वर्गाला ‘माझा तालुका’ हा निबंध दिला की पहिलं वाक्य ठरलेलं: ‘आमचा खटाव तालुका दुष्काळी आहे.’ वह्या तपासताना ते वाक्य मला दरवर्षी टोचायचं. खोटं नव्हतं, पण पोरांना आपल्या मातीबद्दल तेवढंच माहीत असावं याचं वाईट वाटायचं.

2022 चा ऑगस्ट. स्वातंत्र्याचा अमृतमहोत्सव. प्रभातफेरी, रांगोळ्या, घरोघरी तिरंगा, सगळं आम्ही हौसेनं केलं. पण हाच झेंडा घेऊन आपल्याच तालुक्यातली माणसं गोळ्यांसमोर गेली होती. ते न सांगता फेरी काढणं मला पटेना. पालकांच्या सह्या घेतल्या, शुक्रवारची एसटी ठरवली. गाडी तासभर उशिरा आली. पोरं मात्र नव्या चपला घालून सकाळपासून पाराजवळ उभी होती.

आधी वडूज. 9 सप्टेंबर 1942 रोजी इथल्या मामलेदार कचेरीवर मोर्चा आला होता. पुढं तिरंगा घेतलेले परशुराम घार्गे. पोलिसांनी गोळीबार केला आणि नऊ जण हुतात्मा झाले. हे मी वर्गात कितीदा सांगितलं असेल, पण हुतात्मा स्मारकापाशी उभं राहून सांगताना माझाच आवाज घोगरा झाला. पोरं नावं उतरवून घेत होती. वर्गात कधी तोंड न उघडणारी एक मुलगी लिहिता लिहिता थांबली. एका नावावर बोट ठेवून म्हणाली, “बाई, हे आडनाव तर आमचंच हाय.” तिनं ते नाव दोनदा लिहिलं. दुसऱ्यांदा ठळक, पेन्सिल दाबून. मग विचारलं, “त्यांच्या घरी कुणी सांगितलं आसंल?” मला उत्तर देता आलं नाही.

तिथून औंध. यमाईच्या डोंगराच्या पायऱ्या पोरं पळत चढली, मी धापा टाकत मागून. येताना श्री भवानी संग्रहालय. राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार, सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे. त्यांनी जमवलेला हा ठेवा. राजा रविवर्मांची चित्रं इथं आहेत. हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं ‘आई आणि मूल’ हे दगडी शिल्पही इथंच, आपल्या औंधात! ते बघायला मोठ्या शहरात जावं लागलं असतं, असं म्हटल्यावर एक पोरगा हात पाठीमागं बांधून, देवळात उभं राहावं तसा त्याच्यासमोर उभा राहिला.

बाहेर डबे सोडले. चटणी-भाकरी खाता खाता मी औंध संस्थानाची गोष्ट सांगितली. 1939 साली, म्हणजे देश स्वतंत्र व्हायच्या आठ वर्षं आधी, या राजानं गांधीजींच्या सल्ल्यानं राज्यघटना करून कारभार प्रजेच्या हाती दिला. गावोगावी पंचायती. “राजानं आपणहून दिलं?” पोरांना हे गोळीबारापेक्षाही अवघड वाटलं. भांडणाशिवाय कुणी काही सोडतं, यावर त्यांचा विश्वास बसेना. त्या वादात येताना अर्धा रस्ता सरला. राजाचा पोरगा काय म्हणाला असेल, यावर तर मागच्या बाकांवर मारामारीच व्हायची बाकी होती.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर भाषणं होती. पहिलं नाव त्या अबोल मुलीचं. मी तिला कागद लिहून दिला होता, पण तिनं वही आणली. ‘अध्यक्ष महाशय’ नाही, काही नाही. सरळ नऊ नावं वाचली, एकेक करून, प्रत्येक नावानंतर थांबून. मैदानात पुढं बसलेल्या एका आजोबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग शेजारच्यांनी ठेवली.

ती खाली उतरली. पुढच्या मुलाच्या हातात मी लिहून दिलेलं भाषण होतं. त्यानं त्याची घडी घातली, खिशात ठेवली आणि माझ्याकडं बघून विचारलं, “बाई, मी औंधचा राजा तोंडी सांगू का?”