चिपीच्या सड्यावर उतरताना

रात्रभर बसमध्ये अंग आंबवून कुडाळ गाठायची सवय असलेला मी, 2024 च्या डिसेंबरात पुण्याहून फ्लाय91 या कंपनीच्या एटीआर या छोट्या, पंख्यांच्या विमानात बसलो आणि तासाभरात वेंगुर्ले तालुक्यातल्या परुळे-चिपीच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या सिंधुदुर्ग विमानतळावर, उतरलो. कोकणात सलग सपाट जमीन मिळणे किती दुर्मीळ आहे, हे खिडकीतून पाहताना कळते. डोंगर, खाड्या आणि माडांच्या रांगा यांच्यामध्ये जांभ्या दगडाचा हा उघडा कातळ आयत्याच मांडलेल्या पाटासारखा दिसतो, आणि 2,500 मीटर लांबीची धावपट्टी त्यावरच बसवलेली आहे. आमच्या एटीआरला उड्डाणासाठी 1,300 मीटरच्या आसपास अंतर पुरते. म्हणजे उरलेली धावपट्टी मोठ्या जेट विमानांची वाट पाहत पडलेली असते.

वाट पाहणे या विमानतळाला नवे नाही. 2018 मध्ये, गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी, 12 सप्टेंबरला येथे चाचणीसाठी पहिले विमान उतरले. प्रवासी वाहतूक मात्र 9 ऑक्टोबर 2021 रोजी, अलायन्स एअरच्या मुंबईहून आलेल्या विमानाने सुरू झाली. तीन वर्षे धावपट्टी होती, पण धावपट्टी म्हणजे विमानतळ नव्हे: परवाना, अग्निशमन दल, सुरक्षा आणि हवाई नियंत्रण यांची घडी बसल्याशिवाय प्रवासी उतरवता येत नाहीत. पुढे जानेवारी 2023 मध्ये गोव्यातल्या मोपा विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली. सावंतवाडीच्या माणसाला तो जवळचा आणि तिथे विमानेही भरपूर, त्यामुळे चिपीची खरी स्पर्धा शेजाऱ्याशीच आहे, असे माझे मत झाले.

येथे पूल लावून विमानातून थेट इमारतीत जाण्याचा थाट नाही. एटीआरच्या शेपटाकडच्या दारालाच पायऱ्या असतात. त्या उतरून आम्ही चालत आत गेलो, तोवर पुढच्या दारातून सामान काढले जात होते. अग्निशमनाची लाल गाडी सज्ज उभी होती. पाऊण तासापूर्वी बहुधा सुस्तावलेल्या या इमारतीत आता येणारे, जाणारे आणि त्यांना न्यायला आलेले नातेवाईक यांची एकच लगबग होती.

बाहेर रिक्षावाल्याला विचारले, "रोज असता काय हय?"

"नाय ओ. आज इमान येवचा होता, म्हणान इलंय."

परुळ्याच्या उतारावर रिक्षा लागली, तेव्हा आमचेच विमान परतीच्या प्रवाशांना घेऊन डोक्यावरून गेले. त्याने मान वर केली नाही. बाजारात आणखी कोणी मिळते का, ते तो पाहत होता.